नाव घ्या, मगच मुलाखत

तुरुंगात नवीन आलेला माणूस पहिल्या दिवशी शेजाऱ्याला विचारतो, "कशात आलास?" आठवडाभरात तो हा प्रश्न विचारायचं सोडून देतो, कारण उत्तर खोटं येणार हे त्याला कळलेलं असतं. मी पहिल्या दिवसापासूनच कुणाला काही विचारलं नाही. माझी तयारी आधीच झालेली होती. पनवेलच्या बाजारपेठेतल्या एका दवाखान्यात मी कंपाउंडर होतो, आणि औषधाच्या खिडकीमागे उभं राहून मी अर्ध्या तालुक्याला खोटं बोलताना ऐकलं होतं. नवऱ्याने मारलेली बाई न्हाणीत घसरलेली असायची. पिऊन पडलेल्याला ऊन लागलेलं असायचं. औषध मोरीत ओतणारे देवाची शपथ घेऊन सांगायचे की वेळच्या वेळी घेतलं.

पुढे दारूबंदी आली आणि आमच्याकडच्या, स्पिरिटात बनवलेल्या आल्याच्या टिंक्चरला भलतंच गिऱ्हाईक वाढलं. ज्यांचं पोट जन्मात दुखलं नव्हतं असे धडधाकट गडी बाटल्या घेऊन रांगेत उभे राहू लागले. डॉक्टर म्हणाले, "कमळाकर, देत जा. लोकांना गुण येतोय." एकदा असाच गुण आलेला एकजण एस.टी. स्टँडवर भर दुपारी नाचताना सापडला. बाटलीवरच्या चिठ्ठीवर अक्षर माझं. डॉक्टरांनी कोर्टात हळहळून सांगितलं की माझ्या पाठीमागे हा काय धंदे करतो याची मला कल्पना नव्हती. ते बाहेर राहिले, मी आत आलो. तेव्हापासून हळहळून बोलणाऱ्या माणसाचा मला जरा जास्तच राग येतो.

आमचा तुरुंग म्हणजे मामलेदार कचेरीच्या आवारातली एक लांबट बराक, पुढे फरसबंद चौक आणि चौकात विहीर. मोठ्या शिक्षेचे कैदी अलिबागला, ठाण्याला जात. आमच्यासारखे थोड्या महिन्यांचे इथेच सडत. भिंतीपलीकडे बाजार होता. मिठाच्या, भाताच्या गाड्या जाताना ऐकू येत. वारा फिरला की सुक्या मासळीचा वास येई, आणि खाडीकडचे आगरी कैदी जेवता जेवता हात थांबवून बसत. मी ब्राह्मण असूनही त्या वासाने मला घरची आठवण यायची, कारण बाजारपेठेत राहिलेल्याला तो वास घरचाच असतो.

सकाळी मोजणी, मग पाणी भरणं, मग झाडलोट, मग भाकरी आणि पाणचट आमटी. काम फारसं नव्हतं, हीच मोठी शिक्षा. रिकाम्या माणसाला आत दोनच उद्योग उरतात, आपलं झाकणं आणि दुसऱ्याचं हुडकणं. भाकरी सगळ्यांना एकाच मापाची मिळायची, तरी प्रत्येकाला शेजाऱ्याची मोठी दिसायची. जमादाराने कुणाला कचेरीत जरा जास्त वेळ थांबवून घेतलं, की तो परत येईपर्यंत बराकीत त्याच्यावर चुगलीचा खटला चालून शिक्षासुद्धा ठरलेली असायची. मी या खटल्यांत बोलत नसे. ऐकत मात्र सगळं असे.

जमादाराचं नाव शेलार. साताऱ्याकडचा माणूस, तोंडात सदा लवंग. मारहाण फारशी करत नसे. त्याचा शौक वेगळाच होता. महिन्यातून दोनदा मुलाखतीचा दिवस असे. बायका गावागावांहून चालत यायच्या, डोक्यावर भाकरीचं गाठोडं, आणि कचेरीच्या ओट्यावर खालमानेने उभ्या राहायच्या. शेलार खुर्ची टाकून बसायचा आणि विचारायचा, "कुणाला भेटायचंय?" बाई म्हणायची, "आमच्या मालकांस्नी." हा म्हणायचा, "इथं लई मालक हायेत. नाव घ्या, मगच मुलाखत."

आता नवऱ्याचं नाव घ्यायचं म्हणजे त्याचं आयुष्य कमी करायचं, हे आमच्याकडच्या बायकांच्या हाडात मुरलेलं. शिपाई, कारकून, चौकातले आम्ही सगळे कान टवकारून असायचो. कुणी रडकुंडीला येई, कुणी दुसऱ्या बाईच्या कानात सांगून तिच्या तोंडून वदवून घेई, कुणी गाठोडं तिथेच ठेवून न भेटता परत जाई. भीमाबाई म्हणून एक म्हातारी होती, तिने ठसक्यात सांगितलं, "भाताची उडवी, मिठाची रास, लक्ष्मणरावांपायी कचेरीचा तरास." शेलार खूश होऊन हसला. मला मात्र त्या हसण्याची किळस यायची. ज्याला दुसऱ्याच्या बायकोची लाज बघण्यात करमणूक वाटते, त्याच्या ताब्यात किल्ल्या आहेत ही गोष्ट मला कधी पचली नाही.

अशात शिवा आला. शिवा धाया घरत, खाडीकाठच्या एका गावचा, गुन्हा हातभट्टी, शिक्षा तीन महिने. रुंद पंजांचा, पाय मिठाने फुटलेले. बिछाना माझ्या शेजारी मिळाला, आणि पहिल्याच सकाळी मला त्याचा संशय आला.

मोजणीला शेलारने हाक दिली, "शिवा धाया!" हा समोर बघत उभा. दुसऱ्यांदा हाक आली तेव्हा दचकून "हाय" म्हणाला. आपलं नाव ऐकून जो दचकतो, त्याला ते नाव अजून बसलेलं नाही. दुसरी गोष्ट, हा कुणाकडे काही मागत नसे. आत आलेला माणूस विडी मागतो, तंबाखू मागतो, निदान बातमी मागतो. याला काहीच नको होतं. आणि तिसरी गोष्ट, तो आल्यानंतर लगेचच बराकीची झडती झाली आणि खिडकीखालच्या सैल विटेमागच्या आमच्या विड्या थेट, दुसरीकडे कुठे न शोधता, उचलून नेल्या. मग मला कुणी सांगायची गरज उरली नाही. हा शेलारने आत पेरलेला माणूस, नाव बनावट, गुन्हा बनावट. मी त्याच्याकडे पाठ करून झोपायला लागलो.

बराकीत माझ्या पलीकडे धर्मराज असे. गुरं पळवण्याच्या प्रकरणात आलेला, पण सारखं रामनाम चाललेलं. स्वतःच्या वाटचा कांदा दुसऱ्याला द्यायचा. फुकट कांदा देणाऱ्यावर मी भरवसा ठेवत नाही, तरीही त्याच्याविषयी मी फार विचार केला नाही. एका माणसावर पुरता संशय बसला की बाकीच्यांकडे दुर्लक्ष होतं, हे मला पुढे कळायचं होतं.

मुलाखतीचा दिवस आला. मी ओट्याजवळ झाडू मारत होतो. एक उंच, काळीसावळी बाई आली, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, डोक्यावर टोपली. शेलारने लवंग गालात सरकवली आणि तयारीत बसला.

"कुणाला भेटायचंय?"

"शिवाला. शिवा धाया घरत." एका दमात, मान वर करून, मिठाचा भाव सांगावा तशी.

"तू कोण त्याची?"

"घरवाली. वेणू माजा नाव."

शेलार हिरमुसला. त्याची मजा गेली होती. त्याने "जा, जा" म्हणून हात हलवला आणि पुढच्या बाईकडे वळला. मी मात्र झाडू धरून तसाच उभा. जन्मात पहिल्यांदा मी नवऱ्याचं नाव असं फेकताना ऐकलं होतं. म्हटलं, वा! बायकोसुद्धा बनावट धाडलीय पोलिसांनी!

झाडू मारत मारत मी मुलाखतीच्या गजांजवळ सरकलो. ती गजांबाहेर उकिडवी बसली होती. डोक्यावरचा पदर आता पुढे ओढलेला. आत बसलेल्या शिवाकडे बघत नव्हती, फरशीकडे बघत होती. गाठोडं आत सरकवलं आणि हळूच म्हणाली, "अवो, सुकी करंदी घातलीय चटनीत. खातांव ना टायमाला?" तो म्हणाला, "व्हय." बस्स. मग दोघं गप्प बसले, आणि असे गप्प नवराबायकोच बसतात. ते सोंग कुणाला आणता येत नाही, पोलिसांना तर नाहीच.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बाई बायकोच होती. त्याला "अवो" म्हणत होती. आणि तरीही तिने शिवा हे नाव बेधडक घेतलं. म्हणजे शिवा हे तिच्या नवऱ्याचं नाव नव्हतं. बिचारीने चुकू नये म्हणून गावापासून कचेरीपर्यंत ते नाव घोकलं असणार. नाव पाठ केलं, पण लाजायचं विसरली.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर पाणी शेंदायला आम्हा दोघांना लावलं होतं. मी रहाट धरून म्हणालो, "तू शिवा नाहीस."

त्याच्या हातून दोर सुटला. बादली खाली जाऊन आपटली. "कोन बोलला तुला?"

"तुझी बायको. काल, सगळ्यांसमोर."

 मग दोर पुन्हा सोडता सोडता त्याने जे सांगितलं ते अगदी साधं होतं. त्याचं नाव आनंदा. शिवा त्याचा शेजारी आणि होडीतला जोडीदार. तिवरांच्या झाडीत दोघांची मिळून भट्टी होती, पण पोलिसांकडे नाव एकट्या शिवाचं गेलं. "शिवाच्या छातीत धरलंय. खोकतो तवा रगत पडतं. पोलीस आलं, बोललं शिवा कोन. मी त्याच्याच घराच्या वटीवर बसलेलो. उभा रायलो, बोललो मी. हितं आला असता तर मेला असता तो, कंपाउंडर. गुन्हा माजाच हाय. नाव तेवडं त्याचं." वेणू शिवाची खरी बायको. ती आजाऱ्याला सोडून येणार कशी, म्हणून हौसा, आनंदाची बायको, तिचं नाव लावून आली होती.

"बाहेर फुटलं तर?" मी विचारलं.

"शिवाला हातरुणावरनं उचलून आनतील. मना आनि वर कोर्टाला फसवल्याची शिक्षा. दोन घरा बुडतील."

विहिरीपलीकडे हौदावर धर्मराज कपडे आपटत होता. मला एवढंच आठवतं, की आमचं बोलणं चालू असताना त्याचं रामनाम थांबलं होतं. मी आवाज खाली आणला, पण आनंदाचा आवाज होडीवरचा, तो खाली कुठला यायला?

मी गप्प राहिलो. माझ्या मनाचा मोठेपणा म्हणून नाही. शेलारला फुकट काही द्यायचं माझ्या जिवावर येत होतं. पण आत कुठेतरी मला त्या माणसाचा हेवाही वाटला, हे खरं. माझ्या नावावर डॉक्टरांचा गुन्हा खपला होता, आणि याने स्वतः उठून दुसऱ्याचं नाव अंगावर घेतलं होतं. मला कुणी विचारलं नव्हतं. याला कुणी विचारलं नव्हतं तरी हा उभा राहिला. असं का करतं माणूस, हे मी रोज त्याच्याकडे बघून शोधायचो, आणि काहीतरी फायदा सापडेल म्हणून वाट बघायचो. सापडला नाही.

थोड्याच दिवसांत धर्मराजला स्वयंपाकघरात काम मिळालं. बराकीत सगळे या कामावर टपलेले असत, कारण तिथे पोटभर मिळतं. धर्मराज हळहळून म्हणाला, "माझ्या मनात नव्हतं हो, पण जमादारसाहेबांचा हुकूम." मी काय समजायचं ते समजलो. सैल विटेमागच्या विड्यांचाही आता उलगडा झाला. आनंदाला सावध करावं म्हणून मी संधी बघत होतो, पण शेलार माझ्या आधी आला.

जेवणाची वेळ होती. आम्ही चौकात ओळीने बसलो होतो, थाळ्या पुढ्यात. आनंदा माझ्या डाव्या हाताला. शेलार चपला काढून, पाय न वाजवता आमच्या पाठीमागे येऊन उभा राहिला. मला दिसला, कारण मी सवयीने पाठीकडे बघत असतो. तो पुढे वाकला, श्वास घेतला, आणि मला कळलं की हा आता कोणतं नाव घेणार.

"आनंदा!"

त्याच क्षणी मी हातातली थाळी फरशीवर टाकली. आमटी सगळीकडे उडाली, आवाज कचेरीपर्यंत गेला, आणि ओळीतली सगळी डोकी एकदम वळली. आनंदाचंही वळलं. पण सगळ्यांत वळलेल्या डोक्याचा पुरावा होत नाही. शेलारने मला दोन शिव्या घातल्या, संध्याकाळची भाकरी बंद केली आणि निघून गेला. मी मनातून खूश होतो. बऱ्याच दिवसांनी कुणासाठी काही केल्यासारखं वाटत होतं.

आनंदा उठून हात धुवायला गेला. मी मागोमाग गेलो. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "माजा नाव तूच दिलास."

"मी? अरे, मी तर थाळी—"

"तो हाक मारनार हे तुला कसा ठाव? तो तोंड उगडतो तोच थाली टाकलीस तू. मी फकस्त तुलाच सांगितलेला."

मी धर्मराजचं सांगितलं. हौद, रामनाम, स्वयंपाकघर, विड्या, सगळं क्रमाने सांगितलं. तो ऐकत राहिला. मी जसा औषधाच्या खिडकीतून ऐकायचो, अगदी तसाच, शांतपणे, एक अक्षर खरं न मानता. मला इतका संताप आला की त्याला ढकलावंसं वाटलं. सबंध जन्म लोकांवर संशय घेतला, आणि एकदाच चांगलं वागलो तर त्याचाच पुरावा झाला! त्या रात्री त्याने बिछाना उचलून दुसऱ्या भिंतीला नेला.

मुलाखतीचा दिवस जवळ येत होता, आणि हौसाला कळवायला कसलीच वाट नव्हती. आनंदाचं जेवण तुटलं. मोजणीत आता तो "शिवा धाया" म्हटल्याबरोबर इतक्या जोरात "हाय" ओरडायचा, की तेही संशयास्पद वाटावं.

त्या दिवशी शेलारने ओट्यावर दोन खुर्च्या टाकल्या. दुसरीवर कचेरीतले अव्वल कारकून साक्षीला. आनंदाला आधीच गजांमागे आणून उभा केला होता. आम्ही बाकीचे चौकात, कामाचं सोंग करत. हौसा आली, टोपली उतरवली, आणि दोन खुर्च्या बघून जागच्या जागी थांबली.

"कुणाला भेटायचंय?"

तिने तोंड उघडलं. "शिवाला," ती म्हणाली, पण या खेपेला हळू.

"शाबास. नवऱ्याचं नाव काय झटक्यात घेतीस गं," शेलार म्हणाला. "माझी बायको चार लेकरांची आई झाली, अजून घेत नाही. रावसाहेब, मला खबर अशी हाय की ह्यो शिवा नव्हंच. ह्यो शेजारचा आनंदा. आणि ही वेणू नव्हं, ही आनंदाची अस्तुरी." मग तो हौसाकडे वळला. त्याचा आवाज अगदी मऊ झाला. "खोटं असंल तर सोपं हाय. आनंदा तुझा कुणी लागत नाही. मग घे त्याचं नाव. म्हण, हा आनंदा नाही. मोठ्यानं म्हण, आणि खुशाल भेट."

चौकात रहाटसुद्धा थांबला. मी बघितलं, हौसाचे ओठ हलले आणि मिटले. तिची नजर गजांकडे गेली. आनंदाने डोळे मिटून घेतले होते. मला वाटलं, संपलं. शिवा मेला, हा गेला, दोन घरं बुडाली. आणि मला त्या शेलारचा गळा धरावासा वाटला.

"आनंदा?" हौसा म्हणाली.

शब्द बाहेर पडला आणि ती स्वतःच क्षणभर ऐकत राहिल्यासारखी थांबली. मग हसली.

"तो आनंदा? आमच्या शेजारचा? जमादारसायेब, डोलं तपासून घ्या तुमचं. आनंदाला कवा बघितलाय तुमी? आनंदा म्हंजे नुसता वटीवर बसून बिडी वढनारा. बायको त्याची मिठागरावर टोपल्या वाहून मरतंय, पाय फुटल्यात तिचं, आनि आनंदा बोलतो, च्या ठेव. जल्ला मेला तो आनंदा!"

कारकून हसले. चौकातले हसले. शेलारचीही मान जरा हलली. हौसा थांबेना.

"आनंदाला गावात कुनी पन हाक मारा, निगाला. ह्याची होडी बुडली, आनंदा चालला. त्याचा छप्पर उडाला, आनंदा चालला. घरात पीठ हाय का नाय, आनंदाला ठाव नाय. लोकांसाठी जीव देल तो, पन बायकोला इचारनार नाय, का गो, मी जाऊ का, तू कशी रायशील? एक सबूद इचारनार नाय. उठला आनि चालला!"

आता हसू कमी झालं होतं. तिचा आवाज चढत चालला होता.

"पोरगी त्याची तापात फनफनत व्हती. बायको दारात बसून वाट बगतंय, आनंदा येल, डाक्टरकडं नेल. आनंदा कुटं व्हता? तिवरात, भट्टीजवल. पोरगी गेली तवा आनंदा कुटं व्हता? इचारा त्याला. आनंदा, आनंदा, आनंदा! सगला गाव बोलतंय आनंदा देवमानूस. त्याच्या बायकोला इचारा देव कसा हाय तो."

ती धापा टाकत होती. कुणी हसत नव्हतं. तिने पदराने तोंड पुसलं आणि एकदम खालच्या आवाजात म्हणाली, "हा आनंदा नाय."

 अव्वल कारकून उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "जमादार, भलत्या खबरा आणत जाऊ नका. नवऱ्याला असं बोलणारी बाई या मुलखात जन्मायची आहे." ते आत निघून गेले. शेलारने लवंग थुंकली आणि हौसाला हातानेच पुढे जायला सांगितलं.

ती गजांजवळ बसली. पदर डोक्यावरून पुढे ओढला. गाठोडं आत सरकवलं. या खेपेला "अवो" म्हणाली नाही आणि तोही काही बोलला नाही. वेळ संपल्यावर ती उठली, टोपली डोक्यावर ठेवली आणि मागे न बघता गेली. सुटलो, असं मी मनात म्हटलं.  स्वयंपाकघराच्या दारात धर्मराज उभा होता, त्याच्याकडे बघून मी मुद्दाम हसलो.

संध्याकाळी बराकीत गाठोडं आनंदाच्या पुढ्यात तसंच बांधलेलं होतं. बाकीचे येऊन त्याच्या पाठीवर थाप मारत होते, कारण खरं काय ते आता सगळ्यांना कळून चुकलं होतं आणि शेलारला फसवल्याचा आनंद सगळ्यांचा होता. "काय बाई आहे रे! जीव वाचवला तुझा," एकजण म्हणाला. आनंदा मान डोलवत होता. मग तो उठला आणि माझ्याजवळ येऊन बसला. थाळीच्या दिवसापासून पहिल्यांदाच.

"नाव तूच दिलास, मना ठाव हाय," तो म्हणाला. "पन तू शिकलेला हायस. मानसा बगितल्यात तू. म्हनून इचारतो."

"विचार."

"ती सगला खोटा बोलली ना? त्याला फसवायला?"

मी तोंड भरून म्हणालो, "अर्थात! सगळं खोटं. नाटक होतं ते. म्हणून तर तू वाचलास."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी शपथसुद्धा घेतली असती, पण त्याने हात वर करून मला थांबवलं.

"मी पयला डोलं मिटलेलं," तो म्हणाला. "मंग उगडलं. ती जमादाराकडं बगत नव्हती, कंपाउंडर. सगला टायम माज्याकडं बगत व्हती."